डाव्या बुटाची टाच

घाटंजीच्या आठवडी बाजारात चिंचेखाली बूट शिवायला बसणारे काका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. बूट उलटा करायचा आणि तळव्यावरून अंगठा फिरवायचा, एवढीच त्यांची विचारपूस. भरतीसाठी धावणारी आम्ही सगळी पोरं त्यांच्याकडेच जायचो. कोणी नेव्ही म्हणायचं, कोणी एअर फोर्स. मला पॅरा कमांडो व्हायचं होतं, पण पोरं हसतील म्हणून मी ते फक्त काकांना सांगितलं.

त्यांनी माझे दोन्ही बूट शेजारी ठेवले. उजव्याची टाच पार झिजलेली, डाव्याची जवळपास कोरी.

"डावा पाय चोरून राह्यला तू, बाबू," ते म्हणाले. "इमानातून उडी मारशीन, तं एकाच पायावर पडशीन काय?"

लहानपणी तो पाय मोडला होता. हाड कधीच जुळलं होतं, भीती तेवढी राहिली होती. मग मी पाठीवर मातीचं पोतं घेऊन, डावा पाय मुद्दाम दाबून टाकत नांगरलेल्या वावरातून धावायला लागलो. दर बाजाराला काका टाच बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही."

यंदा पॅराची निवड पार करून सुट्टीवर आलो, तेव्हा पहिल्याच बाजाराला त्यांच्यापुढे बूट ठेवले. अंगठा फिरला.

"दोन्ही टाचा सारख्या झिजल्या. मस्त चाल आहे. कोन्या गावचे, साहेब?"

मी बूट घातले आणि निघताना डावा पाय मुद्दाम जरासा चोरून टाकला.

मागून काका लगेच ओरडले, "बाबू, पाय!"