फाटका स्पीकर

दुकानात, लग्नात, कुठेही रॉक अँड रोल लागलं की काका उजवं बोट वर करायचे. "थांब. हे नंतरचं. याच्या आधीचं मी ऐकलंय." समोरचा काही थांबायचा नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला 'हो, हो' म्हणत समोसा उचलतो.

काकांची सगळी नोकरी लीड्सच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात गेली. तरुणपणी इथल्याच एका पबमध्ये त्यांनी अमेरिकेहून आलेल्या एका कृष्णवर्णीय म्हाताऱ्याची ब्लूज गिटार ऐकली होती. ऐकायला फक्त बारवाला आणि काका. पुढे ज्यावर गोरी पोरं मोठी झाली, ते हा म्हातारा त्यांच्या कितीतरी आधीपासून वाजवत होता, असं काका सांगायचे.

"नाव काय त्यांचं?" मी एकदा विचारलं.

"नाव सांगितलं की तू फोनवर शोधशील. ऐकणार नाहीस."

काका त्याच्यासारखं वाजवायला शिकले, पण ऐकवणार कुणाला? इथल्या मराठी मंडळात त्यांची गिटार जेवणाच्या रांगेपुरती. त्यात बोटांचे सांधे धरायला लागले. "यंदा चालतायत. एकदा सगळ्यांना नीट ऐकवू दे रे," असं म्हणून त्यांनी गणपतीत आरतीआधीची दहा मिनिटं मागून घेतली.

साउंड माझ्याकडे होता. पुण्यात कॉलेजच्या गॅदरिंगला मी माइकची वायर गुंडाळली होती, एवढ्या शिक्षणावर.

त्यांच्या गिटारचा जुना अ‍ॅम्प दोन दिवस आधी घरी आणून लावला, तर घशात कफ साठल्यासारखा खरखरला. जाळीमागे स्पीकरच्या कागदाला ही चीर. म्हटलं, काकांना सरप्राइज देऊ. दुरुस्तीच्या दुकानातून नवा स्पीकर बसवून आणला.

स्टेजवर काकांनी पहिली तार छेडली. सूर हॉस्पिटलच्या फरशीसारखा स्वच्छ. काकांनी अ‍ॅम्पकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी अंगठा दाखवला.

"काय केलंस रे?"

"रिपेअर केला, काका. नवाकोरा स्पीकर आहे."

"अरे, त्या म्हाताऱ्याचा अ‍ॅम्प व्हॅनमधून पडून फाटला होता. तो आवाज यावा म्हणून माझा मी ब्लेडनं फाडला. किती वेळा सांगितलंय तुला?"

सांगितलं होतं. इतक्या वेळा, की मी ऐकणंच सोडलं होतं.

कमिटीतल्या ताई घड्याळ बघायला लागल्या. निरांजनं तयार होती. मला वाटलं, काका आता उतरणार.

"फळं कापायची सुरी आण," ते म्हणाले. आणली. "आता तूच फाड."

"काका, वॉरंटी आहे."

"फाड, लेका."

हॉल हसला. मी जाळी काढून चीर दिली.

मग आवाज आला तो रडून मोकळं झालेल्या माणसाच्या बोलण्यासारखा, घोगरा. समोशाची रांग वळून उभी राहिली. ज्या हातांनी आरतीला टाळ्या वाजायच्या त्यांनीच ताल धरला. दहा मिनिटं कधीच संपली होती, आणि ताईंनी पेटवलेली काडी विझवून तबक खाली ठेवलं.

खुर्च्या उचलताना काकांनी माझ्या कानात ते नाव सांगितलं. "आता ऐकलंस. आता चालेल."

पुढच्या गणपतीला काका नव्हते. कार्डिफहून त्यांची मुलगी अ‍ॅम्प घेऊन आली. "बाबांचा लास्ट विश होता, हा तुम्हाला द्यायचा. आणि प्लीज, रिपेअर नाही करायचा."

तो माझ्या हॉलमध्ये आहे. काका वाजवायचे त्यातली एकच चाल मला येते, तीही चुकते. तुम्ही नाव विचारणार, माहीत आहे. या कधीतरी. आधी ऐका.