दोन डॉलरांच्या मधलं गणित

एका खोलीत चार माणसं दिवसभर बसली की किस्से शोधावे लागत नाहीत. टेबलावर चहाचे उष्टे कप जमतात तसे ते जमत जातात. फरक एवढाच, की हे कुणी विसळत नाही!

आमची खोली प्रताप नगरात, बारावीच्या गणिताच्या क्लासमागे. भोयर सर शिकवतात, वंदनाताई टाइप करतात, पंकज वेबसाइट सांभाळतो. मी खापा गावचा, शाळा नववीतच सुटली. टाइप झालेली पानं वेबसाइटवर चढवतो आणि शक्यतो बोलत नाही. त्यामुळे ऐकायला भरपूर मिळतं.

* * *

पूर्वी सरांच्या वहीचे फोटोच वेबसाइटवर जायचे. मग कळमेश्वरहून मयुरी क्लासला येऊ लागली. तिला दिसत नाही. मोबाइल पान वाचून दाखवतो, ती ऐकते.

सरांनी विचारलं, "नोट्स झाल्या का बेटा?"

"झाल्या न सर! अख्खं इंटिग्रेशन पाठ आहे मले. इमेज, इमेज, इमेज!"

फोटोतलं मोबाइलला वाचता येत नाही, तो तेवढंच म्हणतो. त्या दिवशी सरांनी डबा न उघडताच घरी नेला.

पंकजने मग वेबसाइटवर सूत्रं मांडून देणारं प्लगइन बसवलं. साध्या मजकुरात दोन डॉलरच्या खुणांमध्ये सूत्र लिहायचं. पानावर ते छापल्यासारखं दिसतं आणि मोबाइलला वाचताही येतं. पण सरांचा कॉम्प्युटरवर भरवसा नाही.

"दिवाळीपर्यंत पाहतो. पोरांची एक जरी तक्रार आली, तर आपली वही अन् आपले फोटो!"

म्हणजे मयुरीचं पुन्हा "इमेज, इमेज". आम्ही सगळे जपून वागू लागलो.

* * *

पहिल्याच आठवड्यात वंदनाताईंचा एक डॉलर बंद करायचा राहिला. प्लगइनला वाटलं, पुढचा सगळा मजकूर सूत्रच आहे. अक्षरं तिरकी झाली आणि एकमेकांना चिकटली.

एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या नोट्स वाऱ्यानं वाकल्या का हो?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "हो भाऊ. खिडकी लावून राहिली, पाच मिनिटं थांबा!"

ही तक्रार नव्हती, चौकशी होती, असं आम्ही तिघांनी ठरवलं.

* * *

मग सर स्वतः टाइप करायला बसले. डॉलर वगैरे काही नाही. वर अंश, खाली डॅशची लांब ओळ, तिच्याखाली छेद. वहीत काढतात तसा सुरेख अपूर्णांक!

पण आमच्या पद्धतीत ओळीखाली डॅश मारले की वरच्या ओळीचा मथळा होतो. पान उघडलं तर अंश जाडजूड, छेद बिचारा खाली बारीक.

"पंकज, हा एवढा मोठा काहून दिसून राहिला गा?"

पंकजच्या आधी ताईच बोलल्या, "सर, चौकात बॅनर लावून टाका. अंशभाऊंचा वाढदिवस वाटते!"

* * *

तक्रार शेवटी आलीच. सरांनीच टाइप केलेल्या उदाहरणात गुणाकारासाठी तारे (*) होते. डॉलरबाहेरचे तारे दिसतच नाहीत, ते मधलं अक्षर तिरकं करतात. दोन, तीन, चार यांचा गुणाकार चोवीस, असं लिहिलेलं पानावर उमटलं : 234 = 24!

एका मुलाने भर वर्गात विचारलं, "सर, हा कोणता नियम?"

सर तरातरा मागे आले. "बंद करा हे!"

पंकज चाचरत म्हणाला, "सर, ते तुम्हीच टाइप केलं होतं."

"मग तर नक्कीच बंद! मले जमत नाही ते पोरायले काय जमणार?"

वंदनाताईंनी कीबोर्ड बाजूला सारला.

तेवढ्यात मयुरी वडिलांसोबत आली. हे बंद होणार, असं सरांनी स्वतःच तिला सांगितलं. तिने मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि नोट्सचं एक पान लावलं. तो भरधाव वाचत सुटला. आम्हाला एक शब्द कळेना.

"हे समजते तुले?" सरांनी विचारलं.

"समजते न सर. तुम्ही फळ्याजवळ 'याले याच्यानं भागा' म्हणता, ते नाही समजत."

सरांनी मोबाइल उचलला. "याले हळू कसं करायचं, दाखव बेटा." मग खुर्ची ओढून मोबाइल कानाला लावून बसले. प्लगइन बंद करायचं नाव मग कुणीच काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दाराआडून पाहत होतो. सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, वर्गाकडे वळले आणि मोबाइलसारख्याच आवाजात सुरू झाले, "स्टार्ट फ्रॅक्शन... एक्स प्लस वन... ओव्हर... एक्स मायनस वन... एंड फ्रॅक्शन."

पोरं वह्या सोडून एकमेकांकडे पाहू लागली.

पहिल्या बाकावरून मयुरी म्हणाली, "सर, स्पीड वाढवा न!"