नाकवाल्या दीदी

नाकवाल्या दीदींनी हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या झाडून साऱ्यांची नाकं पाहिली होती. त्यांचं नाक मात्र वर्षभरात कुणाच्या दृष्टीस पडलं नाही. मास्क कधी उतरतच नसे. पोरांच्या नाकात काडी घालून नमुना घ्यायचं काम त्यांच्याकडे, म्हणून माझ्या सईनं त्यांना हे नाव दिलं.

सईला रक्ताचा कॅन्सर होता. सर्दीताप आला की केमोचा डोस पुढे ढकलावा लागे, आणि त्या हिवाळ्यात तो तीनदा ढकलला गेला. मी दिवस मोजत बसायची. दीदींना मात्र प्रत्येक सर्दीचं भारी कुतूहल. "जुनाच पाहुणा मुक्काम ठोकून आहे, का नवा आला?" रिपोर्ट येईपर्यंत त्यांना चैन पडत नसे. तिन्ही वेळा विषाणू वेगळा निघाला. "म्हणजे दार कुठंतरी उघडं राहून राहिलं," त्या म्हणाल्या.

माझा संशय नवऱ्यावर. तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये, शंभर माणसांत वावरणारा. मी त्याला अंगणात आंघोळ करायला लावायची, व्हरांड्यात झोपवायची. बिचारा लेकीशी खिडकीतून बोलायचा.

दीदी कुणावर ठपका ठेवत नसत, बघत बसत. एका दुपारी जेवणाच्या वेळी त्या स्टूल ओढून बसल्या. मी हात धुतले, खिचडी कालवली, मास्क खाली केला आणि फुंकर घालून सईला घास भरवला.

"काहून हो ताई, प्रत्येक घासावर फुंकर?"

"गरम आहे ना. तोंडात फोड आहेत तिच्या."

त्यांची नजर माझ्या हनुवटीवरच्या मास्कवर गेली. माझा घसा तेव्हा खवखवत होता. दुसरा घास हातातच राहिला.

"यानंच झालं असं मी नाही म्हणत," दीदी म्हणाल्या. "पण खिचडी ताटात पसरली का आपोआप थंडी होते. करून तर पाहा."

घरी जाऊन मी नवऱ्यासमोर खूप रडले. त्याची अंगणातली आंघोळ चालू राहिली, पण खिडकी सुटली; तो लेकीजवळ बसू लागला. पुढचा डोस वेळेवर झाला. नंतरही एक सर्दी झालीच. तेव्हा दीदी पुन्हा नवं दार शोधायला लागल्या.

उपचार संपले, आणि दीदी कायमच्या नागपूरला निघाल्या. निरोप घ्यायला बीरगांवला आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांनी मास्क काढला.

"कितनी लंबी नाक है!" सई गल्लीतल्या हिंदीत ओरडली.

दीदी खदखदून हसल्या. बशीत चहा ओतून त्यांनी ती तिच्यापुढे धरली. "गरम आहे पोट्टे, मार फुंकर."

सईनं आधी माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारपासून आमच्या घरात कुणी कशावर फुंकर घातली नव्हती. मी हो म्हणून मान हलवली. तिनं गाल फुगवले, आणि अर्धा चहा दीदींच्या साडीवर गेला.