बैलापाशी भेटू

इस्तंबूलमध्ये कादिकॉयला कुणाला भेटायचं ठरलं की लोक चौकातल्या ब्राँझच्या बैलापाशीच भेटतात. नेज्देतही लग्नासाठी बघायच्या बायकांना तिथेच बोलवायचा. स्वतः मात्र जायचा नाही. आईला घेऊन समोरच्या माझ्या चहाच्या दुकानात, वरच्या मजल्यावर, खिडकीशी बसायचा.

वय पंचेचाळीस, आणि मोजे अजून आई निवडून देते. मला या माणसाची किळस यायची. बाई ओळखू यावी म्हणून फोनवर सांगायचा, "लाल रुमाल बांधून या." ती बिचारी वाऱ्यात कुडकुडत बैलाशेजारी उभी, आणि वरून ही दोघं बाजारात म्हैस पाहावी तशी तिला पाहणार.

"मान आखूड आहे," त्याची आई मुअल्लाबाई म्हणायची. "आणि खांदे बघ कसे पडलेत! चालायचं नाही."

मग चहा संपवून दोघं मागच्या दाराने घरी. एकदा मी म्हटलं, "अरे, निदान खाली जाऊन नाही तरी म्हण."

"ताई, उगाच तिचं मन कशाला दुखवू?" म्हणे! वर हा शहाणपणा.

गेल्या मार्चमध्ये मात्र स्वारी अत्तर लावून आली. पेरीहान नावाची कुणी होती, फोनवर फार छान हसायची.

"आई, ही कशीही असली तरी मला हवी आहे," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"आधी बघू तर दे."

बैलापाशी शाळकरी पोरं होती, कबुतरं होती, लाल रुमाल काही दिसेना.

"उशीर करते. वळणच नाही," मुअल्लाबाईंनी निकाल दिला.

शेजारच्या टेबलावर एक बाई चहा पीत होती. तिने पर्समधून लाल रुमाल काढून टेबलावर ठेवला.

"गारठले होते म्हणून आधी चहाला आले," ती म्हणाली. "तुमचं सगळं ऐकलं. मावशी, आता याला खाली पाठवा. बैलापाशी उभा कसा दिसतो, मलाही बघू दे."

नेज्देत आ वासून आईकडे बघत राहिला. मग उठला आणि खरंच गेला. बैलाच्या शिंगाला हात लावून, वर बघत उभा राहिला. पेरीहानने घटकाभर पाहिलं, चहाचे पैसे ठेवले आणि मागच्या दाराने निघून गेली.

तो उभाच.

"मुअल्लाबाई, बोलवा त्याला वर," मी म्हटलं.

म्हातारी काचेला नाक लावून बघत होती. पोराला तिने इथून कधी पाहिलंच नव्हतं.

"अगं बाई," ती पुटपुटली, "खांदे किती पडलेत याचे."