तक्रारीला नेमका शब्द हवा!

चार माणसं एकत्र काम करायला लागली की किस्से साठतातच. पण आमच्या उरणच्या कंटेनर यार्डातल्या ऑफिसचे किस्से ऐकून लोक हसतात, आणि माझं मात्र डोकं फिरतं!

आमच्या एचआर मॅडमचा नियम असा, की तक्रार इंग्रजीतच करायची आणि मेलच्या सब्जेक्टमध्ये समोरच्याने काय केलं ते एकाच शब्दात लिहायचं. 'हॅरॅस' ठरलं तरच प्रकरण कमिटीपुढे जातं. बाकी सगळं 'आपसात मिटवा'!

वंदना माझ्या शेजारी बसून गेट पास बनवते. इथल्याच गावातली. आमचे मॅनेजरसाहेब ट्रकवाल्यांसमोर तिच्या बोलीची नक्कल करायचे. "काय गो, जेवलीस का नाय?" की सगळे खो खो! तिला नोकरी टिकवायची होती, फक्त हा छळ थांबायला हवा होता. आम्ही दोघींनी 'हॅरॅस' लिहून मेल टाकला.

मॅडम म्हणाल्या, "अगं, हे तर टीज! घरच्यासारखं वातावरण आहे आपलं."

* * *

मग साहेबांनी तिचं टेबल बाथरूमच्या दाराशी हलवलं. आम्ही 'बुली' लिहिलं.

"बुली शाळेत करतात," मॅडम म्हणाल्या. "ऑफिसात त्याला मॅनेज म्हणतात!"

* * *

एकदा साहेबांनी फाइल भिरकावली. वंदनाच्या कपाळावर टेंगूळ! आम्ही 'अब्यूज' लिहिलं.

"रक्त आलं का? नाही ना? मग मिसबिहेव लिहा."

आग लागो तुमच्या डिक्शनरीला, मी म्हणाले. मनातल्या मनात, त्याचीच तर चीड येते!

* * *

शेवटी वंदना थेट मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मी तिच्या मागे. साहेब तिथेच चहा पीत बसले होते.

"नक्की काय होतं, नीट सांग बघू," मॅडम म्हणाल्या.

"सांगत नाय, दाखवते."

आणि तिने साहेबांचा आवाज काढला! ती तिरकी मान, ते अडखळतं इंग्रजी, सगळं हुबेहूब. बाहेरचे ट्रकवाले काचेतून बघून हसायला लागले. मग तिने टेबलावरची फाइल उचलून भिरकावली. साहेबांच्या खांद्याला घासून गेली.

साहेब ताडकन उठले. "मॅडम, ही मला हॅरॅस करतेय!"

मॅडमनी लगेच टाइप करायला घेतलं.

वंदना टेबलापाशी गेली. "मॅडम, आता माजे तक्रारीचे मेलान पन तोच शब्द टाका."