शेवंताक्कांसमोरची रांग

शेवंताक्कांना कुणाचंच चांगलं बघवत नाही असं नाही. फक्त प्रमिलाबाईंचं बघवत नाही.

दोघी एकाच वर्षी लग्न होऊन भडगावात आल्या, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. तेव्हापासून अक्कांचा एक कान त्या भिंतीला. प्रमिलाबाईंच्या म्हशीला रेडी झाली, की अक्का दोन दिवस स्वतःच्या म्हशीशी बोलत नाहीत. प्रमिलाबाईंकडे नवी साडी आली, की अक्का तिचा काठ चिमटीत धरून म्हणतात, "छान शे व. रंग टिकना म्हंजे झालं."

एका बाबतीत मात्र अक्का वर होत्या. ज्वारीचे पापड, म्हणजे आपले बिबडे.

उन्हाळ्यात बचत गटाच्या साऱ्या बायका अक्कांच्या अंगणात जमतात. ज्वारी भिजवून, आंबवून, भरडून ठेवलेली असते. तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून ती चुलीवर दांड्यानं घोटत घट्ट शिजवली, की झाला घाटा. तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर हातानं थापायचा आणि उन्हात वाळवायचा. अंगणात चुली पूर्वी एक, आता तीन, घोटणाऱ्या तीन, थापणाऱ्या दहा-बारा. आणि मधोमध खुर्चीत शेवंताक्का. अक्का घोटत नाहीत, थापतही नाहीत. अक्का चाखतात. कुठल्याही चुलीवरचं पातेलं उतरलं, की आधी अक्कांसमोर. त्या बोटावर घाटा घेतात, डोळे मिटतात, आणि अख्खं अंगण त्यांच्या भुवयांकडे बघत राहतं.

"जिरं कमी शे." नाहीतर, "जाऊ दे."

एवढं ऐकल्याशिवाय पातेलं पुढं सरकत नाही.

यंदा पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. बिबड्यांच्या कडा फाटताहेत, गिऱ्हाईक परत करतंय. आणखी एक खेप अशी आली तर दुसरीकडून घेईन. बायकांची तोंडं उतरली. अक्कांचं उतरलं नाही. त्यांना कारण ठाऊक होतं.

"प्रमिलाना हातच थंडा शे," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "ती थापस तेच फाटतस."

प्रमिलाबाईंनी नुसतं फडकं पिळलं. पण ते त्यांच्या सुनेनं, हेमांगीनं, ऐकलं.

हेमांगी जळगावची. तिथल्याच एका कंपनीत कामाला, सध्या सुटीवर. कारखान्यातलं काम आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचं, असं तिचं काम. तिनं सकाळभर अंगणाच्या कडेला बसून मोबाइलवर काय काय टिपलं होतं. दुपारी ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि बायकांचा घोळका अक्कांची खुर्ची ओलांडून तिकडे गेला.

"बघा, हे आपलं अंगण," हेमांगी सांगू लागली. "या तीन चुली. या बाहुल्या म्हणजे तुम्ही. इथं काम चालवलं की कळतं, कुठं अडतंय. चौथी चूल मांडली तर काय होईल, थापणाऱ्या वाढवल्या तर काय होईल, सगळं इथं करून बघायचं. जुनी आणि नवी, दोन्ही रीती शेजारी शेजारी. खरं अंगण न हलवता."

"म्हंजे खोटं खोटं बिबडं?" रत्नानं विचारलं.

"हो. खोटं फाटलं तर कुणी परत पाठवत नाही."

हशा पिकला. पडद्यावर बाहुल्या लुटूलुटू चालू लागल्या. "हाई मी!" "माय व, हाई मी का? कितली बारीक दखास!" "आज तरी बारीक दिसनी!" प्रत्येकीला आपापली बाहुली सापडत होती. खुर्चीतून अक्कांना फक्त पाठी दिसत होत्या. आणि त्या पाठींच्या पलीकडे प्रमिलाची सून. प्रमिलाची! ती जर दुसऱ्या कुणाची सून असती, तर अक्कांनी तिच्यावरून लिंबलोण उतरलं असतं.

अक्का उठल्या. घोळका फाकला.

"मी कोठे शे?"

हेमांगी गडबडली. "अक्का, तुम्ही... मी फक्त काम करणाऱ्यांना घेतलंय."

हे शब्द तोंडातून सुटले मात्र, कुणीतरी खोकलं. प्रमिलाबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, जपी बोल."

"बोलू दे ना!" अक्का गरजल्या. "मी काम करत नही. मी आठे माश्या हाकलस! प्रमिलानी बाहुली शे, रत्नानी शे, काल गटात ऊनी ती नूतननी शे. आनि मन्ही नही? मन्ही टाक आधी. मोठी टाक. खुर्चीसकट."

हेमांगीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "अक्का, खरं सांगू? माझा हिशेब सकाळपासून जुळत नाहीये. इथं बिबडे भराभर होतात, अंगणात होत नाहीत. काहीतरी राहून गेलंय, पण काय ते कळेना." तिची बोटं चालू लागली. "तुम्हीच राहून गेलात."

"मंग? मी काय सांगी ऱ्हायनू... ऱ्हायनी!" रागात अक्कांची जीभ घसरून बाईचा बुवा झाला, पण हसायची कुणाची टाप नव्हती.

बाहुली आली. लाल, इतरांहून मोठी, मधोमध. काम सुरू झालं. पहिल्या चुलीचं पातेलं निघालं, लाल बाहुलीसमोर थांबलं. दुसऱ्या चुलीचं त्याच्या मागं. तिसरीचं त्याच्याही मागं. पहिल्यात जिरं घालायला रत्नाची बाहुली धावत गेली, तोवर मागच्या दोघी पातेलं धरून उभ्या.

अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी पदर सारखा केला. "देखा व! बठ्ठ्या मन्हापुढे उभ्या शेतस. सायबापुढे उभ्या ऱ्हातस तश्या." मान वळवून त्यांनी प्रमिलाबाईंना गाठलं. "तुन्हापुढे शे का कोन्ही?"

"नही व," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मंग!"

रांगेतली पातेली मात्र रंग बदलत होती. आधी लाल, मग पिवळी, मग निळी.

"हाई निळं काय शे?" अक्कांनी कौतुकानं विचारलं.

हेमांगीनं सासूकडे पाहिलं. सासूनं मान हलवली, नको म्हणून.

"सांग ना व!"

"घाटा गार होतोय, अक्का."

निळं पातेलं सुटलं. तुरुतुरु चालत प्रमिलाबाईंच्या बाहुलीकडे गेलं. त्याच्या मागून आणखी एक निळं. प्रमिलाबाईंची जागा थापणाऱ्यांच्या रांगेत शेवटची होती; घाटा तिथं सगळ्यात उशिरा पोचे. कित्येक वर्षांपूर्वी अक्कांनीच त्यांना तिथं बसवलं होतं, भिंतीकडेला. आणि गार घाटा थापला की कडा फाटतात, हे भडगावातलं शेंबडं पोरगंही सांगेल.

अक्का बघत राहिल्या. थंड काय होतं, ते त्यांना दिसलं. अंगणातल्या प्रत्येक बाईला दिसलं. ते जास्त वाईट होतं.

"हेमांगी, काढी टाक ती बाहुली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "चौथी चूल मांडूत. व्हई काहीतरी."

त्या चिडल्या असत्या, टोमणा मारला असता, तर अक्कांना सोसलं असतं. हा मोठेपणा कसा सोसायचा? मोठेपणातही प्रमिलाच पुढं!

"चूल वाढवून रांगच वाढते, आई. मी बघितलं," हेमांगी म्हणाली. "जी घोटते तिनंच चाखलं तर..."

"चाखू दे," अक्का म्हणाल्या आणि घरात गेल्या. जाताना खुर्ची उचलून नेली.

दुसऱ्या सकाळी जी घोटत होती तीच चाखत होती. पातेली वाफाळत थेट फडक्यांवर जात होती. अक्का दारात उभ्या होत्या. हातांना काम नव्हतं, बोटाला चव नव्हती. तेवढ्यात प्रमिलाबाई ताटलीत घाटा घेऊन आल्या.

"शेवंता, चाख ना. तुन्हाबिगर माले गोड लागत नही."

घाटा तांबूस, चकाकता. वास नाकात शिरला. अक्कांचं बोट पुढं आलं आणि अर्ध्यावरून मागं गेलं.

"तूच चाख."

प्रमिलाबाईंनी चाखला. डोळे मिटले. अगदी अक्कांसारखे. "जिरं बराबर शे."

बरोबर होतं. नुसत्या वासावरून अक्कांना कळलं होतं, आणि तेच सोसवत नव्हतं. त्यांनी पदर खोचला, एक फडकं ओलं केलं आणि प्रमिलाबाईंच्या शेजारी, भिंतीकडेला, थापायला बसल्या.

"सरक तिकडे. देखूत आते कोन्हं फाटस ते!"

"देखूत," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि दोघींचे हात असे चालू लागले की घोटणाऱ्यांना पातेली पुरवता पुरवता घाम फुटला.

संध्याकाळी वाळलेले बिबडे उलटताना अक्का दोघींच्या ओळी निरखत होत्या. प्रमिलाचा एकही फाटला नव्हता. त्यांचे दोन फाटले होते; ते त्यांनी मोडून तोंडात टाकले. मग ओट्यावर हेमांगीशेजारी जाऊन बसल्या.

"मन्ही बाहुली आते कोठे शे व?"

"ही काय. थापतेय. आईंच्या शेजारी."

अक्कांनी डोळे बारीक करून पाहिलं. दोन्ही बाहुल्या एकाच उंचीच्या, एका रेषेत. त्यांनी मागं वळून बघितलं; प्रमिलाबाई फडकी धूत होत्या.

"तिन्हापेक्षा जराशी पुढे सरकाव," त्या कुजबुजल्या. "बोटभर."