तिसऱ्या भागातल्या बाईसाहेब

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं आम्ही चेन्नईत होतो, आणि त्या काळात मी जेवढ्या भिकार कादंबऱ्या वाचल्या तेवढ्या आयुष्यात आधी कधी वाचल्या नव्हत्या. आवडीने नव्हे हो, नाइलाजाने. नवरा अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आणि मी गिंडीतल्या एका लहानशा युनिटच्या ऑफिसात, खरेदी विभागात. दिवसभर कानावर तमिळ, नाहीतर इंग्रजी. महिन्यातून एका रविवारी मराठी ऐकायला मिळायचं ते आमच्या वाचन मंडळात. म्हणून जायचे. तिथलं मराठी ऐकून घरी आले की वाटायचं, तमिळच बरी होती.

मंडळ म्हणजे कुणाच्या तरी हॉलमध्ये जमलेली पंधरा-वीस माणसं. गाड्यांच्या कंपन्यांतले इंजिनिअर, सॉफ्टवेअरवाली पोरं, त्यांच्या बायका. आधी साबुदाण्याची खिचडी, मग सध्या गाजत असलेल्या कादंबरीवर मतं, मग पुन्हा चहा. सॉफ्टवेअरवाली पोरं मराठी वाचतच नसत. ती इंग्रजी कादंबऱ्या घेऊन यायची. कॉलेजातला एक मुलगा, त्याला परीक्षेत कमी मार्क, त्याला एक मुलगी आवडते, संपली कादंबरी. असलं पुस्तक मी गिंडीची बस अंबत्तूरला पोचायच्या आत वाचून टाकलं होतं आणि उतरताना सीटवर विसरले तेव्हा परत फिरलेसुद्धा नाही. नाहीतर मग ते खून आणि गुप्त खुणांचं काहीतरी, ज्यात दर तीन पानांनी कुणीतरी दचकतं. "जबरदस्त आहे, खाली ठेववतच नाही," म्हणायचे. अरे, मग हातात धरून बसा की, आम्हाला कशाला सांगता!

पण मंडळाचा खरा जीव होता ऐतिहासिक कादंबऱ्यांत. त्या सगळ्या एकाच भट्टीतल्या. मुखपृष्ठावर तलवार. नायक गवाक्षात उभा राहून क्षितिजाकडे बघणार. बघू दे बापडा, पण पाच-पाच पानं? त्याला कधी शिंक येत नाही, त्याच्या ताटात कधी मीठ कमी पडत नाही. त्याला सगळे 'सरकार' म्हणतात, बायकोला 'बाईसाहेब'. बाईसाहेबांचे डोळे पहिल्या पानावर पाणावतात ते शेवटपर्यंत सुकत नाहीत. माणसांची नावं फारशी येतच नाहीत. सगळं सरकार-बाईसाहेबांवर भागतं.

अशी कादंबरी यायची ती पुण्याला गेलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, आणि एकच प्रत. चेन्नईत मराठी पुस्तक मिळायचं कुठे? सात-आठशे पानांची एक प्रत आणि वाचणारी एवढी घरं. म्हणून आमच्या मंडळाने एक रीत पाडली होती, जी ऐकून माझ्या वडिलांनी फोनवर कपाळाला हात लावला असणार. पुस्तक आलं की शिलाई उसवून त्याचे चार भाग करायचे. प्रत्येकाला खाकी पुठ्ठा, वर आकडा. एक ते चार. मग ज्याला जो भाग मिळेल तो त्याने वाचायचा आणि रविवारी त्याच भागावर मत द्यायचं. कुणी शेवट आधी वाचायचं, कुणी मधलंच. आणि सगळ्यांना सगळं कळायचं! ज्या गोष्टीत कुठूनही शिरलं तरी काही अडत नाही, तिला गोष्ट तरी का म्हणायचं, असं मी एकदा विचारलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुम्ही फार बुद्धीने वाचता." जणू काही मला खरूजच झाली होती.

हे भाग करून आणायचं काम माझ्याकडे, कारण आमच्या गिंडीच्या ऑफिसच्या मागच्या बाजूला एक बाइंडर होता. चांगला हात त्याचा, पण देवनागरीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि यायचं कारणही नव्हतं. एरवी एका वेळी एकच पुस्तक जायचं. त्या वर्षी दिवाळीनंतर एकदम दोन आली. दोन्ही ऐतिहासिक, दोन्हीचा आकार एक, कागद एक, टाइप एक. माझं काय चुकलं म्हणता? त्या दोन कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनाच बहुधा वेगळ्या ओळखता आल्या नसत्या.

तेव्हा झालं ते असं. पहिल्या कादंबरीचा दुसरा भाग मी वाचला. त्यात शेवटी बाईसाहेब ज्वराने जातात. सात पानं जात असतात बिचाऱ्या, सरकारांच्या मांडीवर डोकं ठेवून. मग तिसरा भाग मिळायच्या आधीच रविवार आला. तिसरा भाग वाचलेल्या बायका बोलायला उठल्या. एक म्हणाली, "तिसऱ्या भागात बाईसाहेबांची व्यक्तिरेखा काय खुलते!" दुसरी म्हणाली, "घोड्यावर बसून येतात तो प्रसंग! अंगावर काटा आला हो."

मी म्हटलं, "अहो, पण त्या गेल्या ना दुसऱ्या भागात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग एक इंजिनिअर गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "फ्लॅशबॅक असणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. खिचडी आली.

घरी येऊन मी दुसऱ्या कादंबरीचा तिसरा भाग काढला. तो माझ्याकडेच होता. उघडून बघते तर सरकार ओक्साबोक्शी रडतायत, बाईसाहेबांच्या समाधीपाशी. आणि पानाच्या डोक्यावर छापलेलं नाव पहिल्या कादंबरीचं. बाइंडरने दोन तिसरे भाग अदलाबदल करून ठेवले होते. दोन्ही कादंबऱ्या निम्म्या मंडळाने वाचल्या, एकीत मेलेली बाई घोडा उडवतेय, दुसरीत जिवंत बाईची समाधी बांधलीय, आणि एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. एकाही! उलट काटे आले अंगावर.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! दोन दिवस मी ऑफिसात स्वतःशीच हसत होते. संक्रांतीच्या रविवारी मंडळाचा मोठा कार्यक्रम असायचा, इतर ठिकाणची मराठी माणसंही यायची. त्या दिवशी उभं राहून दोन्ही भाग हातात धरायचे आणि सगळ्यांसमोर दोन्हींतली पानं वाचून दाखवायची, असं मी ठरवलं. वाक्यं पाठ केली. नवरा म्हणाला, "कशाला लोकांच्या तोंडी लागतेस?" मी म्हटलं, "लागणार."

फक्त घोडेस्वार बाईसाहेबांचा भाग माझ्याकडे नव्हता. तो मी त्या रविवारी मंडळातून परतताना न उघडताच मामांकडे देऊन आले होते.

हे मामा-मामी नात्यातले नव्हेत, आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. तंजावरकडचं मराठी घराणं. कधीकाळी पूर्वज आले ते इथलेच झाले. मामा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. हिंदी शिकल्यामुळे त्यांना देवनागरी वाचता यायची, जरा अडखळत. मामी तमिळ शाळेत गेलेल्या. घरात मराठी बोलायच्या, पण त्यांना मराठीचं अक्षर वाचता येत नव्हतं. मामा एकदा मंडळात आले होते. ते बोलायला लागले आणि आमच्या पुणेकर बायकांनी, "अय्या, किती गोड!" करून टाळ्या वाजवल्या. बाळाने कविता म्हटल्यावर वाजवतात ना, तशा. मामा परत आले नाहीत. मला इतकी लाज वाटली होती त्या दिवशी. तेव्हापासून मीच त्यांना भाग नेऊन द्यायचे. त्यांची मराठी मी इथे माझ्याच वळणाने लिहिते आहे. तशीच्या तशी उतरवायला गेले तर मीही त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतलीच होईन.

मामी त्या वर्षी अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटाचा कॅन्सर. कळला तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. मामा रोज दुपारी त्यांच्या उशाशी खुर्ची ओढून बसायचे आणि कादंबरी मोठ्याने वाचायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले. दारातच मामांना सगळं सांगितलं, हसत हसत, अगदी ऐटीत. म्हटलं, "तेवढा तिसरा भाग द्या, उद्या मजा बघा."

मामा हसले नाहीत. त्यांनी मागे वळून खोलीकडे बघितलं, मला व्हरांड्याच्या कडेला नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मला ठाऊक आहे, पोरी. पानावर नाव आहे की."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"दुसऱ्या भागात ती बाई वारली, त्या दिवशी ही जेवली नाही. रसमसुद्धा नाही घेतलं. दुसऱ्या दिवशी तिसरा उघडला तर बाई घोड्यावर. हिने विचारलं, बरी झाली का? मी म्हटलं, हो, बरी झाली." मामांनी पुन्हा खोलीकडे बघितलं. "ते नेऊ नकोस. उद्या कुणी इथे येऊन बोललं तर हिला कळेल."

माझी पाठ केलेली वाक्यं तिथेच संपली. मी म्हटलं, "नाही नेत." मामा कॉफी करायला आत गेले आणि मी मामींजवळ जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला तर नुसती कातडी आणि बांगड्या.

मामी म्हणाल्या, "पुस्तक न्यायला आलीस ना? ऐकलं मी. कान चांगले आहेत माझे अजून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मामी, ते..."

"ती बाई मेली, मला कळत नाही होय? ही दुसरीच आहे. हिची सासू दुसरी, हिचं गाव दुसरं. त्या मेलेलीला मूल नव्हतं, हिला दोन आहेत." मामी हसल्या, मग हसण्याने दुखलं म्हणून डोळे मिटून पडल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "आणि गोष्ट काही धड नाही. सारखी रडतात सगळी."

बघा! आख्ख्या मंडळात जे कुणाला दिसलं नाही ते या बाईने पडल्या पडल्या, नुसतं ऐकून ओळखलं होतं. मी विचारलं, "मग मामांना सांगितलं का नाहीत?"

मामींनी स्वयंपाकघराकडे कानोसा घेतला. आत स्टीलचा टंबलर वाजत होता.

"लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी काय बोलला सांगू? कॉफी. सरी. पोदुम. कॉफी दे, ठीक, पुरे. झालं. मी मरणार कळल्यावर तर तेवढंही बंद झालं. माझ्याकडे बघतच नव्हता. मग तू ते पहिलं पुस्तक दिलंस. आता रोज दुपारभर त्याचा आवाज ऐकते मी. सरकार बाईसाहेबांना म्हणतात ना, तुझ्याशिवाय मला कोण आहे, ते वाचताना त्याचा आवाज फुटतो. मग चष्मा पुसतो आणि तीच ओळ परत वाचतो. अडखळला म्हणून परत वाचतोय असं दाखवतो." मामी माझ्याकडे बघत होत्या. "ती बाई जिवंत आहे असं मी धरून चाललेय, असं त्याला वाटू दे. मी विश्वास ठेवला असं दिसलं, की त्याला बरं वाटतं."

मला रडू आवरेना. मी, जिने आयुष्यभर पाणावलेल्या डोळ्यांची टर उडवली, ती पदराने नाक पुसत बसले होते.

"रडू नकोस," मामी म्हणाल्या. "दुसरं पुस्तक आण. हे आता संपेल. चांगलं-वाईट तू बघू नकोस, तुला कुठलंच आवडत नाही. मोठं आण. मी असेपर्यंत पुरायला हवं. अर्धं राहिलं तरी चालेल, मध्येच संपायला नको."

मामा कॉफी घेऊन आले. मामींना त्यांनी चमच्याने दोन घोट दिले, तोंड पुसलं, खुर्ची ओढली आणि खाकी पुठ्ठा उघडला. मी निघाले. जिन्यात त्यांचा आवाज ऐकू येत होता, एकेक जोडाक्षर पार करत चाललेला.

दुसऱ्या दिवशी संक्रांतीचा कार्यक्रम झाला. तिळगूळ वाटून झाल्यावर त्याच बायका त्याच घोड्याबद्दल पुन्हा बोलल्या. त्या कादंबऱ्या भिकार होत्या हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "आज तुम्हाला काही बोलायचं होतं ना?" मी उभी राहिले आणि विचारलं, या आठवड्यात पुण्याला कोण जातंय? एका सॉफ्टवेअरवाल्याने हात वर केला. मी त्याला म्हटलं, येताना माझ्यासाठी एक ऐतिहासिक कादंबरी आण.

सगळा हॉल हसला. "अय्या, तुम्ही? शेवटी आलात ना आमच्यात!" अध्यक्षीणबाई तर उठून माझ्या पाठीवर थोपटून गेल्या. एकीने लगेच दोन-तीन गाजत असलेल्या कादंबऱ्यांची नावं सांगितली, कुठलीत युद्ध आहे, कुठलीत विरह आहे, कुठलीत डोळ्यांतलं पाणीच खळत नाही.

हसू देत मेल्यांना. मी एवढंच विचारलं, "पानं किती आहेत?"